आधी ब्रेक, मग रंग

आपल्या पिढीने स्पोर्ट्स कार रस्त्यावर कमी आणि भिंतीवर जास्त पाहिली. सलूनमध्ये आरशाच्या बाजूला, होस्टेलवर कपाटाच्या दारावर, शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्यावर. तांबडी, बुटकी, जमिनीला चिकटलेली. ती कुठल्या देशाची, किती सिलिंडरची हे कुणाला ठाऊक नसे. ती आपली नव्हे एवढे मात्र सगळ्यांना ठाऊक असे. त्या भिंतींकडे बघत वाढलेली मुले आता चाळिशी-पन्नाशीला आली आहेत. घराचे हप्ते फिटत आलेत, पोरे शिकायला बाहेर गेलीत आणि मनाच्या कोपऱ्यात ती तांबडी गाडी अजून उभीच आहे. नवी घेणे परवडणारे नाही. मग माणूस जुन्या बाजाराकडे वळतो, आणि तिथे एका चांगल्या नव्या स्कूटरच्या किमतीत वीस-बावीस वर्षांपूर्वीची एखादी झणझणीत गाडी त्याची वाट बघत असते.

अशा माणसांना नावे ठेवायला मी हा लेख लिहीत नाही. उलट, जुनी गाडी घेऊन ती मार्गाला लावणे यासारखा छंद नाही असे माझे मत आहे. पण गेली काही वर्षे आजूबाजूला जे दिसते त्याने जीव हळहळतो. गाडी घरी येते. आठ दिवसांत तिला नवा रंग लागतो, पंधरा दिवसांत नवी चकचकीत चाके येतात, महिन्याभरात सायलेन्सर असा गरजू लागतो की वाड्यावरची कुत्री घाबरून भाटात पळतात. फोटो सगळीकडे फिरतात. आणि सहा महिन्यांनी तीच गाडी माडाखाली ताडपत्री पांघरून उभी! का? तर "खर्च फार निघाला हो."

माझे म्हणणे सरळ आहे. जुन्या वेगवान गाडीवरचा पहिला रुपया ती थांबवण्यावर खर्च व्हावा, दुसरा ती चालती ठेवण्यावर, आणि शेवटचा ती दिसण्यावर. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. मालकाच्या अंगणात उलटा चालतो तसाच सरकारच्या नियमांतही उलटा चालतो. त्या दोन्हींबद्दल मला बोलायचे आहे.

आधी 'स्पोर्ट्स कार' म्हणजे काय ते आपसात ठरवू. विलायती व्याख्येने पाहिले तर दोन माणसांची, हलकी, वळणावर रस्त्याला धरून राहणारी गाडी. अशा गाड्या आपल्या देशात हाताच्या बोटांवर मोजाव्या इतक्याच झाल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या सॅन मोटर्सने 'सॅन स्टॉर्म' नावाची दोनच आसनांची फायबरग्लासची गाडी काढली. इंजिन रेनॉल्टचे, ११४९ सीसीचे, ताकद साधारण ६० अश्वशक्ती. फार कमी लोकांनी ती घेतली. तिच्या कितीतरी आधी, १९६१ साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने 'हेराल्ड' बनवायला सुरुवात केली. ही काही स्पोर्ट्स कार नव्हे, चार माणसांची साधी घरगुती गाडी, इंजिन ९४८ सीसीचे. पण तिचे रेखाटन मिकेलोत्ती या इटालियन कलावंताचे, आणि विलायतेत १९६२ साली निघालेली ट्रायम्फ स्पिटफायर ही नामांकित स्पोर्ट्स कार याच हेराल्डची चेसी आखूड करून उभी केलेली. म्हणजे आपल्या हेराल्डला स्पिटफायरची थोरली बहीण म्हणायला हरकत नाही! तिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलगडते, आणि चाकावर बसून आरामात इंजिनाचे काम करता येते. आजच्या गाड्यांचे बॉनेट उघडले की प्लास्टिकच्या झाकणाशिवाय काही दिसत नाही, त्या मानाने ती गाडी म्हणजे उघडे पुस्तक होते.

आणि तिसरी, माझ्या मते आपल्या मराठी मुलखाला सर्वात जवळची, २००१ साली आलेली फियाट पॅलिओ १.६. दिसायला साधी हॅचबॅक, पण पोटात १०० अश्वशक्ती. त्या वेळच्या मारुती ८०० च्या दुपटीहून जास्त ताकद. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनत असे, ज्या कारखान्यातून आपल्या प्रीमियर पद्मिनी निघाल्या त्याच कारखान्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीचा तो कारखाना. सचिन तेंडुलकरच्या नावाने तिची 'एस-टेन' आवृत्तीसुद्धा निघाली होती. पेट्रोल पिण्यात पटाईत म्हणून लोकांनी ती लवकर टाकली, आणि म्हणूनच ती आज स्वस्तात मिळते. कागदावर ती स्पोर्ट्स कार नसेल. पण चोर्ला घाटाच्या वळणांवर जी गाडी ओठांवर हसू आणते ती स्पोर्ट्स कार, अशी माझी व्याख्या आहे. पटली तर घ्या.

आता प्रश्न येतो तो गाडी घ्यावी कुठली, म्हणजे कुठल्या गावची. गोव्यात वाढलेली जुनी गाडी ही वरून छान आणि खालून चाळण असते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यात खारा वारा. दाराच्या खालची पट्टी, पायाखालचा पत्रा, जॅक लावायची जागा, सस्पेन्शन जिथे बसते तो भाग, या सगळ्यांना गंज आतून खातो. वरून लांबी भरून रंग मारला की सहा महिने कळत नाही. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. जिथे तो पत्र्याला चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पायाखालचे कार्पेट उचलून पाहिल्याशिवाय गोव्यातली जुनी गाडी घेऊ नये. फायबरग्लासच्या गाडीला गंज नाही असे म्हणून फसू नका. अंग फायबरचे असले तरी खालचा सांगाडा पोलादाचाच असतो.

म्हणून जाणते लोक आतल्या, कोरड्या मुलखातली गाडी शोधतात. फोंड्याच्या माझ्या एका मित्राने अशीच एक २००२ सालची पॅलिओ १.६ मिळवली. नंबरप्लेट 'एपी ०१'. पणजीची 'जीए ०१' पाहायची सवय असलेल्या आम्हा मंडळींना हे '०१' कुठले ते कळेना. ते आदिलाबादचे. अखंड आंध्र प्रदेशात जिल्ह्यांना इंग्रजी वर्णानुक्रमाने क्रमांक मिळाले, त्यात आदिलाबाद पहिले. २०१४ साली तेलंगण झाल्यावर ते 'टीएस ०१' झाले आणि २०२४ च्या मार्चपासून नव्या गाड्यांना 'टीजी ०१' मिळू लागले. एकाच गावच्या गाड्यांवर तीन राज्यकारभारांच्या खुणा! आमच्याकडेही 'जीडी'ने सुरू होणाऱ्या जुन्या प्लेटी अजून एखाद्या भाटकाराच्या गॅरेजात दिसतात, तसेच ते.

आदिलाबाद आपल्याला वाटते तितके परके नाही. पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ जिल्हा. आज नांदेड जिल्ह्यात असलेले किनवट आणि चंद्रपूर जिल्ह्यातले राजुरा हे दोन्ही तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. नकाशावरची रेघ हलली, माणसे जागीच राहिली. कापसाच्या या बाजारगावी तेलुगू, मराठी, दखनी उर्दू आणि गोंडी कानावर पडते. २०१६ साली मूळ जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी आदिलाबाद शहराचा हा बहुभाषी चेहरा तसाच आहे. हैदराबाद-नागपूर हा मोठा रस्ता, आजचा राष्ट्रीय महामार्ग ४४, तिथूनच जातो. म्हणून गॅरेजांना आणि मिस्त्रींना तिथे तोटा नाही.

उन्हाळ्यात तिथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, थंडीत तेलंगणातले सर्वात बोचरे गारठे तिथलेच. पाऊस गोव्याच्या साधारण एक तृतीयांश, आणि समुद्र शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे मित्राच्या गाडीचा पत्रा खालून पाहिला तर कालच कारखान्यातून निघाल्यासारखा. मित्र खूश! इथेच नवा मालक फसतो. कोरड्या मुलखाची गाडी पत्र्याने तरुण असते, पण रबराने म्हातारी असते. ऊन पत्रा खात नाही, ते रबर खाते. रेडिएटरचे होस, ब्रेकचे होस, पेट्रोलच्या नळ्या, पट्टे, दारांची रबरे, इंजिनाचे माउंटिंग, टायर. सगळे जागेवर दिसते. बोटाने दाबले की भेगा पडतात. गोव्याची गाडी खालून मरते, आदिलाबादची वरून सुकते, हे लक्षात ठेवले तर निम्मे काम झाले.

मित्राचा बेत असा होता की, कागदावर सह्या झाल्या की गाडी काढायची आणि किनवट, नांदेड, सोलापूर, बेळगाव करत आठशे किलोमीटरच्या घरातला प्रवास करून चोर्ला उतरायचा. त्याला अडवले ते तिथल्या एका वयस्क मिस्त्रीने. म्हणाला, "भाऊ, गाडी पळते ते मले माईत हाय. थांबते का, ते पाहा अगोदर." आणि त्याने मागचे ड्रम उघडून दाखवले. दोन्ही चाकांचे व्हील सिलिंडर पाझरत होते, लायनर ब्रेक ऑइलने भिजलेले. गावातल्या गावात कापूस बाजारापर्यंत जाणाऱ्या गाडीला हे खपून गेले असते. चोर्ल्याच्या उतारावर खपले नसते. मित्र तिथे चार दिवस जास्त राहिला. त्या चार दिवसांचा खर्च हा त्या गाडीवर झालेला सर्वात शहाणा खर्च आहे असे तो आता सांगतो.

तर आता क्रम सांगतो. पहिले ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. जुन्या गाडीत ते दहा-दहा वर्षांचे निघते. घाटात सतत ब्रेक दाबला की तापते, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दबते. पॅडल थेट फरशीला टेकते. होस बाहेरून चांगला दिसला तरी आतून सुजलेला असू शकतो, मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. म्हणून तपासत बसू नये. होस, व्हील सिलिंडरची रबरे, ऑइल, पॅड, लायनर सगळे एकदाच नवे घालावे. शंभर अश्वशक्तीच्या गाडीला शंभर टक्के ब्रेक हवाच.

दुसरे टायर. टायरची नक्षी खोल आहे म्हणून तो चांगला असे नव्हे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. '२३१४' म्हणजे २०१४ सालातला तेविसावा आठवडा. न वापरता शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर असेच नवेकोरे दिसतात आणि वेगात फुटतात.

तिसरे पेट्रोल. आज देशभर पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. जुन्या गाड्यांच्या नळ्या आणि सील यासाठी बनवलेलेच नव्हते. इथेनॉल जुने रबर मऊ करते, पाणी ओढून घेते, टाकीतला साठलेला गंज आणि कचरा सोडवून फिल्टरपर्यंत आणते. जुनी नळी पाझरली आणि खाली तापलेले इंजिन असले की काय होते ते सांगायला नको. इथेनॉल सोसणारी नवी नळी आणि चांगल्या क्लिपा यांचा खर्च एका अलॉय चाकाच्या निम्माही येत नाही. गाडी उभी ठेवायची असेल तर महिनोन्‌महिने तेच पेट्रोल टाकीत ठेवू नये.

चौथे पाणी आणि पट्टा. उन्हाच्या मुलखात एक जुनी खोड आहे: इंजिन तापते म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकतात, आणि पंखा 'डायरेक्ट' करतात, म्हणजे चावी फिरवली की तो फिरतच राहतो. गाडी तापत नाही हे खरे, पण ती कधी नीट गरमही होत नाही. संगणकावर चालणाऱ्या इंजिनाला वाटते आपण अजून थंडच आहोत, आणि ते पेट्रोल ओतत राहते. 'फियाट फार पिते' या तक्रारीतला काही भाग अशा काढून टाकलेल्या वॉलचाही असणार! वॉल परत बसवा, रेडिएटर साफ करून घ्या, नळाच्या पाण्याऐवजी कुलंट घाला. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर तो कधीच बदललेला नाही असे समजा. पुष्कळ इंजिनांत तो तुटला की पिस्टन आणि वॉल एकमेकांवर आदळतात, आणि गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्ती महाग पडते.

पाचवे वायरिंग. फ्यूजच्या जागी तांब्याची तार, हॉर्नसाठी दारातून ओढलेली वायर, गंजलेली अर्थिंगची पट्टी. पावसाळ्यात गोव्यात उंदीर यात भर घालतात. विजेच्या दहा तक्रारींतल्या बऱ्याच एका खराब अर्थिंगने होतात, म्हणून महागडे सेन्सर बदलण्याआधी ती पट्टी घासून घट्ट करावी. आणि इमोबिलायझर असलेली गाडी घेताना दुसरी चावी आठवणीने मागून घ्यावी. एकुलती चावी हरवली तर चांगली गाडी दारात ठोकळा होऊन बसते.

हे पाच झाले, दोन-तीन हजार किलोमीटर गाडी चालली, तिने कुठे कुरकूर केली ते कळले, की मग इंजिन, सस्पेन्शन, आसने, आणि सर्वात शेवटी रंग. तोवर गाडी डागाळलेली असली तर असू दे. आणि हो, मोठे इंजिन घालणे, छत कापून उघडी गाडी करणे असल्या भानगडीत पडण्याआधी कायदा बघा. नोंदणीच्या कागदावरच्या मूळ वर्णनात असा बदल परस्पर करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे.

काही वाचक म्हणतील, हे सगळे यंत्राचे झाले, यात संस्कृती कुठे आली? वाचकहो, आली. 'मेस्त्री' हा शब्द पाहा. कुणी मिस्त्री म्हणतो, कुणी मेस्त्री. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज 'मेस्त्र'वरून आला, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ कारागीर एवढाच नाही, गुरुजी असाही आहे. 'चावी' हा शब्दही तिथलाच. गोव्याच्या बंदरात उतरलेले हे दोन शब्द पैनगंगेच्या काठापर्यंत पोचले, आणि आदिलाबादच्या गॅरेजात मित्राने चावी मिस्त्रीच्या हाती दिली तेव्हा तो व्यवहार मुळात गुरू-शिष्याचाच होता. आपण मात्र त्यातला गुरू विसरलो, कारागीर तेवढा ठेवला, आणि त्याच्याशीही घासाघीस करतो.

हे गुरुजी आता कमी होत आहेत. नव्या गाड्यांचे काम म्हणजे संगणक लावायचा, तो सांगेल तो भाग बदलायचा. कार्बोरेटर कानाने जुळवणारा, ड्रम उघडून लायनर हाताने घासून बसवणारा, न मिळणारे बुश लेथवर करून घेणारा माणूस साठीच्या पुढे गेला आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अजून असे हात आहेत, बेळगावात आहेत, म्हापशा-मडगावातही शोधले तर सापडतात. त्यांच्याकडे पोरे शिकायला येत नाहीत, कारण त्या कामाला ना मान, ना दाम. जुनी गाडी घेणारा प्रत्येक नवा मालक हा अशा एका मेस्त्रीचे दुकान आणखी काही वर्षे उघडे ठेवतो. पण तो रंगावर पैसे उडवून गाडी ताडपत्रीखाली घालणारा मालक असेल तर नाही. गाडी चालली तरच मेस्त्री चालतो. त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसा, पाना हातात द्या-घ्या, विचारा. "पात्रांव, तुम्ही जावा, संध्याकाळी या," असे तो म्हणेल. जाऊ नका.

आता सरकारचे बघू. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर तिला वेगळी 'व्हीए' मालिकेची नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. अट अशी की ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच. चांगली गोष्ट आहे, वारसा जपला पाहिजे. पण दुसरीकडे साध्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००.

म्हणजे पंचावन्न वर्षांची, झाकून ठेवलेली हेराल्ड नूतनीकरणाला ५,००० देणार आणि तेवीस वर्षांची, रोज चालणारी पॅलिओ १०,०००! बुजुर्ग गाडीचा सत्कार, मधल्या वयाच्या गाडीला दंड. वीस ते पन्नास ही तीस वर्षे गाडीने काढायची कशी? आज जी स्वस्त जुनी गाडी आहे तीच उद्याची व्हिंटेज आहे. मधे ती भंगारात गेली तर उद्याचा वारसा आणायचा कुठून? मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा संपली तेव्हा सगळ्या मराठी वर्तमानपत्रांनी निरोपाचे लेख छापले. हजारो गाड्या होत्या तेव्हा त्यातली एखादी नीट राखावी असे किती जणांना वाटले?

यावर रास्त आक्षेप आहे तो धुराचा. जुनी गाडी जास्त धूर सोडते हे खरेच आहे. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-सहा गाडीची बरोबरी २००२ सालची गाडी करू शकत नाही. दिल्लीसारख्या शहरात, जिथे हवाच विषारी झाली आहे, तिथे १० वर्षांचे डिझेल आणि १५ वर्षांचे पेट्रोल असा दंडक घालावा लागला, यामागची अगतिकता मला समजते. पण वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी, नीट जुळवलेली जुनी गाडी आणि रोज दीडशे किलोमीटर धावणारी, कधीच न तपासलेली पाच वर्षांची गाडी, यातली कोण जास्त घाण करते? वयाचा दाखला सोपा असतो म्हणून तो न्याय्य ठरत नाही. तपासणी कडक करा. ब्रेक यंत्रावर तपासा, धूर खरोखर मोजा, पैसे देऊन मिळणारे कागद बंद करा. त्यात जी नापास होईल ती माझ्या मित्राची असो वा माझी, रस्त्यावरून हटवा. जी पास होईल तिच्याकडून दंड वसूल करू नका. माणसाला आपण वयावरून गाडी चालवायचा परवाना नाकारत नाही, त्याचे डोळे तपासतो; तोच नियम गाडीला लावा एवढेच मागणे.

आणि हे मागण्याचा हक्क आपल्याला तेव्हाच, जेव्हा आपण स्वतः रंगाआधी ब्रेकवर खर्च करू. ज्याच्या गाडीचा सायलेन्सर गरजतो आणि हँडब्रेक लागत नाही, त्याने सरकारपुढे वारशाच्या गोष्टी करू नयेत.

मित्राच्या पॅलिओचे उरलेले सांगून टाकतो. आदिलाबादहून ना-हरकत दाखला घेतला, फॉर्म २८, २९, ३० भरून झाले, गाडी गोव्याच्या नोंदणीवर आली. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर हे करावेच लागते, कर भरावा लागतो, आणि गाडीच्या किमतीत हा खर्च आधीच धरून चालावा. जुनी 'एपी ०१' प्लेट त्याने घरात जपून ठेवली आहे. गाडीचा रंग मात्र अजून तोच, आदिलाबादच्या उन्हाने बॉनेटवर फिका पडलेला. परवा कुणीतरी त्याला विचारले, "रंग कधी मारतोस रे?" तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू. यंदा शॉक ॲब्सॉर्बर करायचेत."

जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे उत्तर पाठ करून ठेवावे.